मंडळीचे सभासद, मतदान आणि नागरी जबाबदारी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारची उपासना संपल्यावर चर्चच्या ओसरीत टेबल मांडून मतदार नोंदणीचे अर्ज भरून घेण्याचे काम आमच्या मंडळीत गेली काही वर्षे चालू आहे. त्या टेबलापाशी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, ते आणि त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. ती मुख्यतः महाराष्ट्रातील मराठी मंडळ्या डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. पाळक, पंच, महिला मंडळ आणि तरुण संघ यांनी ती आपापल्या ठिकाणी वाचून दाखवावीत, अशी आमची मनापासून विनंती आहे.

चर्चचे काम सुवार्तेचे. निवडणुकीशी चर्चचा काय संबंध?

हा प्रश्न विचारणारे सभासद बहुधा श्रद्धावान आणि नियमाने उपासनेला येणारे असतात, म्हणून त्याचे उत्तर घाईने देऊ नये. यहूदी लोक बंदिवान होऊन बाबेलला गेले, तेव्हा यिर्मया संदेष्ट्याने त्यांना जे पत्र पाठवले ते त्याच्या पुस्तकाच्या २९व्या अध्यायात आहे. घरे बांधा, बागा लावा, आणि ज्या नगरात तुम्ही आहात त्याचे हित पाहा व त्यासाठी प्रार्थना करा, कारण त्याच्या कल्याणात तुमचे कल्याण आहे, असा त्या पत्राचा आशय आहे. ते नगर परक्यांचे होते, राजा परका होता, तरी हा आदेश होता. आपण तर आपल्याच देशात, आपल्याच गावात राहतो.

प्रेषित पौलाचे उदाहरण आम्हाला याहूनही जवळचे वाटते. यरुशलेमेत त्याला फटके मारण्यासाठी बांधले, तेव्हा त्याने शताधिपतीला विचारले की, चौकशी न करता रोमी नागरिकाला फटके मारणे कायद्याला धरून आहे काय. आणि पुढे त्याने थेट कैसराकडे दाद मागितली. देवावर भरवसा ठेवणाऱ्या या माणसाने आपले नागरिकत्व लपवले नाही आणि प्रसंगी ते वापरायला तो कचरलाही नाही. ‘कैसराचे ते कैसराला’ हे वचन आपण कर भरण्यापुरते लक्षात ठेवतो. लोकशाहीत मात्र राज्य चालवणाऱ्यांची निवड हेही नागरिकाचे देणे आहे.

मराठी ख्रिस्ती समाजाला ही गोष्ट नवी नाही. पंडिता रमाबाईंनी १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे स्त्रियांच्या शिक्षणाविषयी आणि स्त्री डॉक्टरांच्या गरजेविषयी साक्ष दिली आणि १८८९ च्या मुंबईतील राष्ट्रीय सभेच्या अधिवेशनाला त्या प्रतिनिधी म्हणून उपस्थित राहिल्या. त्या वेळी या देशातील कोणत्याही स्त्रीला कायदेमंडळाच्या निवडणुकीत मताचा अधिकार नव्हता.

मग कोणाला मत द्यायचे, हे पाळकसाहेब व्यासपीठावरून का सांगत नाहीत? इतर ठिकाणी तर उघड सांगतात.

ते सांगत नाहीत, आणि त्यांनी सांगूही नये. याला कायद्याची कारणे आहेत आणि मंडळीच्या हिताचीही.

आधी कायदा. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम १२३(३) प्रमाणे उमेदवाराने, त्याच्या प्रतिनिधीने किंवा त्याच्या संमतीने अन्य कोणी धर्माच्या आधारावर मते मागणे हा भ्रष्ट आचार ठरतो. सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २ जानेवारी २०१७ रोजी अभिराम सिंह प्रकरणात, चार विरुद्ध तीन अशा बहुमताने, या कलमाचा व्यापक अर्थ लावला : उमेदवाराचा धर्म तर यात येतोच, पण मतदाराच्या धर्माचा हवाला देऊन मत मागणेही निषिद्ध आहे. हे प्रकरण मुंबईतील सांताक्रुझ मतदारसंघाच्या १९९० सालच्या निवडणुकीतून उभे राहिले होते. ‘अमक्याला मत दिले नाही तर देवाचा कोप होईल’ किंवा ‘मंडळीतून काढू’ अशी भीती घालणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १७१ खाली निवडणुकीतील गैरवाजवी दडपणाचा गुन्हा आहे. त्याखेरीज धार्मिक संस्था (दुरुपयोग प्रतिबंध) अधिनियम, १९८८ आहे. धार्मिक संस्थेची जागा किंवा निधी राजकीय कार्यासाठी वापरू देणे त्याने दंडनीय केले असून पाच वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. ही जबाबदारी संस्था चालवणाऱ्यांवर, म्हणजे आपल्याकडे विश्वस्त, पंच आणि पाळक यांच्यावर येते.

आता मंडळीचे हित. आपल्या बाकांवर निरनिराळ्या पक्षांना मत देणारी माणसे शेजारी शेजारी बसतात आणि एकाच मेजावरून प्रभुभोजन घेतात. व्यासपीठावरून एका उमेदवाराचे नाव निघाले, तर उरलेल्यांना त्या घरात आपण परके आहोत असे वाटू लागते. शिवाय ‘चर्चची गठ्ठा मते’ अशी एकदा बाजारात किंमत झाली की उमेदवार सभासदांशी बोलायचे सोडून दोन-चार पुढाऱ्यांशी बोलू लागतात. मतदार घडवावा, मत सांगू नये, या मर्यादेत राहूनच आम्ही हे काम करतो आणि ती सोडण्याचे कोणतेही कारण आम्हाला मान्य नाही.

मग चर्चमध्ये नेमके काय करता येते?

पुष्कळ करता येते. मतदानाची तारीख व वेळ यांची सूचना जाहीर करणे, नोंदणीचे अर्ज भरायला मदत करणे, यादीत नाव शोधून देणे, मतदानयंत्र कसे चालते ते समजावणे, देशासाठी व अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना करणे, सचोटी, गरिबांविषयीची कणव, खरेपणा यांवर पवित्र शास्त्रातून उपदेश करणे, हे सर्व मोकळेपणाने करावे. मोशेला त्याचा सासरा इथ्रो याने कशी माणसे निवडायला सांगितले होते, ते निर्गम १८ मध्ये वाचून दाखवावे. देवाचे भय बाळगणारी, सत्यप्रिय, लाचेचा तिटकारा असलेली माणसे, एवढे वर्णन पुरेसे असते. त्यापुढे तरुण संघात चर्चा कितीही रंगू द्यावी.

पक्षाचे चिन्ह, पत्रक, झेंडा आवारात येऊ देऊ नये. मंडळीच्या व्हॉट्सअॅप गटावर प्रचाराचे संदेश टाकू नयेत. कोणी टाकले तर गटप्रमुखाने ते लगेच काढावेत आणि काढताना पक्ष पाहू नये. अर्पणाचा किंवा ट्रस्टचा एक रुपयाही कोणाच्या प्रचाराला जाऊ नये. परदेशातून आलेल्या देणगीबाबत तर परकीय अंशदान (विनियमन) अधिनियमाखाली संस्थेची नोंदणीच धोक्यात येऊ शकते.

उमेदवार उपासनेला येऊन बसला तर?

त्याला बसू द्यावे, गीतपुस्तक हाती द्यावे. देवाचे घर सर्वांना उघडे आहे. मात्र त्याला माईक देऊ नये, शाल-श्रीफळ देऊ नये आणि उपासनेनंतर आवारात पत्रके वाटू देऊ नयेत. आदर्श आचारसंहितेत प्रार्थनास्थळांचा प्रचारासाठी वापर करण्यास स्पष्ट मनाई आहे. हा नियम सर्व उमेदवारांना सारखा लावावा. त्यातला एक जण आपला सभासद असला तरीही.

यादीत माझे नाव आहे, हे मी कसे तपासू? माझ्याकडे ओळखपत्र तर आहे.

ओळखपत्र हातात असणे आणि यादीत नाव असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मतदानाच्या दिवशी जे हिरमुसले होऊन परततात त्यांतील अनेकांना हा फरक केंद्रावरच कळतो. यादीत नाव नसेल तर ओळखपत्र दाखवूनही मत देता येत नाही. म्हणून प्रत्येक निवडणुकीपूर्वी भारत निवडणूक आयोगाच्या मतदार सेवा संकेतस्थळावर, व्होटर हेल्पलाइन अॅपवर किंवा १९५० या क्रमांकावर आपले नाव तपासावे. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांनी आपल्या भागाच्या मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे, म्हणजे ज्यांना सगळे बीएलओ म्हणतात त्यांच्याकडे, विचारावे. बहुतेक वेळा ते जवळच्या शाळेतील शिक्षक किंवा अंगणवाडी सेविका असतात.

आपल्या समाजाची यात एक खास अडचण आहे. आपली नावे लिहिताना चुकतात. शमुवेलचे सॅम्युअल होते, योहानचे जॉन होते, एलिशिबा या नावाचे काय होईल ते सांगता येत नाही. एका रविवारी आमच्या टेबलाशी एक आजी आल्या. रेशनकार्डावर मार्था, आधारवर मारथा, आणि मतदार यादीत चक्क ‘मारुती’. पुढे लिंगाच्या रकान्यात पुरुष. मागच्या दोन निवडणुकांना केंद्रावरून परत आल्याचे त्यांनी सांगितले, आणि तेही तक्रारीच्या सुरात नव्हे, जणू असेच असते. त्यांच्या पिशवीत प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेला बाप्तिस्म्याचा दाखला होता, तो दाखवत त्या म्हणाल्या, “माझं नाव इथं तरी बरोबर आहे ना, बाळा?” तो दाखला त्या कामाला लागला नाही, पण आधारवरील नाव आधी दुरुस्त करून, मग नमुना ८ भरून त्यांचे नाव यादीत नीट लागले. पुढच्या मतदानाला शाई लावलेले बोट त्यांनी आम्हा प्रत्येकाला दाखवले.

तेव्हा अर्जांचे क्रमांक एकदा पाठच करून ठेवावेत. नवीन नावासाठी नमुना ६. नाव, वय, छायाचित्र, पत्ता यांतील दुरुस्तीसाठी, तसेच घर बदलल्यास, नमुना ८. घरातील कोणी निवर्तले असल्यास नाव वगळण्यासाठी नमुना ७. हा शेवटचा अर्ज भरायला घरचे लोक टाळाटाळ करतात. आईचे नाव आपल्या हाताने कसे खोडायचे, असे एका भावाने विचारले होते. त्यांचे दुःख आम्हाला समजते. तरीही मृताच्या नावावर दुसऱ्या कोणी मत देऊ नये, यासाठी ते करावे लागते.

एक सूचना अत्यंत महत्त्वाची आहे. उमेदवारी अर्ज भरण्याच्या अखेरच्या तारखेनंतर त्या निवडणुकीसाठी यादीत नाव घालता येत नाही, आणि त्याआधीच्या चौकशीलाही काही दिवस लागतात. निवडणूक जाहीर झाल्यावर धावपळ करण्यापेक्षा नाताळाच्या सुट्टीत शांतपणे हे काम उरकावे.

अर्जात धर्म लिहावा लागतो का? यादीवरून आपण ख्रिस्ती असल्याचे कळून जातीच्या दाखल्याला काही अडचण येईल, अशी भीती वाटते.

नमुना ६ मध्ये धर्माचा किंवा जातीचा रकाना नाही आणि मतदार यादीतही तो छापला जात नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३२५ नुसार प्रत्येक मतदारसंघासाठी एकच सर्वसाधारण यादी असते आणि धर्म, वंश, जात वा लिंग या कारणावरून कोणालाही तिच्याबाहेर ठेवता येत नाही.

या प्रश्नामागची वेदना मात्र खरी आहे. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशानुसार हिंदू, शीख आणि बौद्ध यांनाच अनुसूचित जातीचा दर्जा मिळतो. दलित ख्रिस्ती बांधव त्यातून वगळले गेले आहेत आणि त्याविरुद्धचा त्यांचा लढा फार जुना आहे. त्यामुळे अनुसूचित जातीसाठी राखीव जागेवर त्यांना उभे राहता येत नाही. पण राखीव मतदारसंघात मत देण्याचा अधिकार तेथील प्रत्येक मतदाराला असतो, तो त्यांनाही आहे. ‘आपला वॉर्ड राखीव झाला, आता आपले मत नाही’ असा समज आम्हाला अनेकदा आढळला. तो पूर्ण चुकीचा आहे. अनुसूचित जमातीचा दर्जा धर्मावर अवलंबून ठेवलेला नाही, हेही नंदुरबार, पालघरकडील आदिवासी ख्रिस्ती कुटुंबांनी ध्यानात ठेवावे.

माझी मुलगी सतरा वर्षांची आहे. तिची नोंदणी आत्ता होईल का?

अर्ज आत्ताच भरता येतो. १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर या वर्षातील चार अर्हता दिनांकांपैकी ज्या दिनांकास ती १८ वर्षे पूर्ण करील, त्यानुसार तिचे नाव लागेल. दृढीकरणाच्या वर्गात साधारण याच वयाची मुले बसतात. त्या वर्गाच्या शेवटच्या दिवशी नमुना ६ भरून घेण्याचा प्रघात पाळकांनी पाडावा, असे आम्हाला वाटते. मंडळीचा पूर्ण सभासद होणे आणि देशाचा मतदार होणे या दोन्ही गोष्टी मुलांना एकाच वर्षी कळल्या, तर त्या आयुष्यभर जोडीने राहतील.

मूळ गाव अहिल्यानगर जिल्ह्यात, नोकरी पुण्यात. नाव कोठे ठेवावे?

जेथे आपण नेहमी राहता तेथे. वसतिगृहातील विद्यार्थ्याला आई-वडिलांच्या घरचा किंवा वसतिगृहाचा पत्ता यांपैकी एक निवडता येतो. दोन्हीकडे नाव ठेवणे बेकायदेशीर आहे आणि अर्जात खोटी माहिती देणे हा गुन्हा आहे. ‘गावच्या सरपंचकीसाठी नाव राहू द्या’ असा आग्रह चुलते-मामा करतात. त्यांना नम्रपणे नाही म्हणावे. ज्या शहराचे पाणी आपण पितो आणि ज्याच्या रस्त्यांवर आपली मुले शाळेत जातात, तेथील नगरसेवक निवडण्यात आपला सहभाग असायला हवा.

आखातात किंवा इतर देशांत असलेल्या सभासदांचे काय?

भारतीय पासपोर्ट कायम असलेल्यांना नमुना ६अ भरून पासपोर्टवरील पत्त्याच्या मतदारसंघात नाव नोंदवता येते. मतदानाला मात्र स्वतः यावे लागते. ज्यांनी दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले त्यांचा भारतातील मताधिकार संपतो. गोव्यातील ज्या कुटुंबांत पोर्तुगीज नागरिकत्व घेण्याचा विचार चालू असतो, त्यांनी हा परिणाम आधी नीट समजून घ्यावा.

वडिलांना चालता येत नाही. त्यांना घरून मत देता येईल का?

लोकसभा व विधानसभा निवडणुकीत ८५ वर्षांवरील मतदारांना आणि किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र असलेल्यांना घरून टपाली मतदानाची सोय आहे. त्यासाठी निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांच्या आत नमुना १२ड भरून द्यावा लागतो. ही मुदत फार थोडी असते, म्हणून आजारी व वृद्ध सभासदांच्या घरी भेटी देणाऱ्या भगिनींनी अशा घरांची यादी आधीच तयार ठेवावी. ज्यांना केंद्रावर जायचे आहे त्यांना शेजाऱ्याने किंवा सभासदाने आपल्या गाडीतून न्यावे. कोणत्याही उमेदवाराने पाठवलेली गाडी घेऊ नये. मतदारांना ने-आण करण्यासाठी उमेदवाराने वाहने पुरवणे हाही भ्रष्ट आचार आहे.

मतदानाच्या दिवशी काय लक्षात ठेवावे?

मतदार ओळखपत्र नसेल तर आधार, पॅन, वाहनचालक परवाना, पासपोर्ट, छायाचित्र असलेले बँकेचे किंवा टपाल खात्याचे पासबुक, मनरेगा जॉबकार्ड यांसारखे आयोगाने मान्य केलेले दुसरे ओळखपत्र चालते. घरपोच मिळालेली माहिती चिठ्ठी ओळखीचा पुरावा म्हणून चालत नाही. मोबाइल घरी ठेवावा. लोकसभा-विधानसभेला बटण दाबल्यावर व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे मताची चिठ्ठी दाखवणाऱ्या यंत्राच्या, काचेमागे सात सेकंद चिठ्ठी दिसते, ती पाहावी. मुंबई वगळता बहुतेक महापालिकांत एका प्रभागातून एकाहून अधिक नगरसेवक निवडले जातात. तेथे प्रत्येक जागेसाठी वेगळे मत द्यायचे असते. एकच बटण दाबून परत फिरू नये.

आपल्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेले असेल तर भांडत बसू नये आणि परतही येऊ नये. केंद्राध्यक्षाकडे प्रदत्त मत मागावे. आपली ओळख पटल्यावर ते मतपत्रिकेवर घेतात व वेगळ्या पाकिटात ठेवतात. नेहमीच्या मोजणीत ते धरले जात नाही, पण निकालाला न्यायालयात आव्हान दिले गेल्यास ते पुरावा म्हणून उपयोगी पडते.

खाजगी आस्थापनांतील कर्मचाऱ्यांना मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी देणे मालकावर लोकप्रतिनिधित्व अधिनियमाच्या कलम १३५ब नुसार बंधनकारक आहे आणि रोजंदारीवरील कामगारांनाही ती तरतूद लागू आहे. आपल्या मंडळीत जे स्वतः मालक आहेत, ज्यांच्याकडे घरकामाला किंवा दुकानात माणसे आहेत, त्यांनी त्यांना न मागता सुट्टी द्यावी.

आपण ख्रिस्ती लोक मूठभर. आपल्या मतांनी काय फरक पडणार?

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे १० लाख ८० हजार ख्रिस्ती लोक होते, म्हणजे एक टक्क्याहूनही थोडे कमी. हे खरे आहे. आणि हेही खरे आहे की २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत मुंबई उत्तर पश्चिम मतदारसंघाचा निकाल ४८ मतांनी लागला. आमच्या चर्चच्या डावीकडच्या बाकांवर रविवारी याहून जास्त माणसे बसतात. ग्रामपंचायतीच्या प्रभागात तर एक-दोन मतांनी निकाल फिरतो.

पण संख्येचा हिशेब आम्हाला दुय्यम वाटतो. १९३५ च्या भारत सरकार कायद्यात भारतीय ख्रिस्ती लोकांसाठी स्वतंत्र मतदारसंघ होते. संविधान सभेत ख्रिस्ती प्रतिनिधींनी, ज्यांत सभेचे उपाध्यक्ष हरेंद्रकुमार मुखर्जी आणि फादर जेरोम डिसूझा होते, धर्मावर आधारलेल्या राखीव जागांचा आग्रह सोडला. आपल्या देशबांधवांवर विश्वास टाकून, सर्वांबरोबर एकाच यादीत, एकाच रांगेत उभे राहण्याचा तो निर्णय होता. आज ती रांग रिकामी ठेवून घरी बसणे म्हणजे त्या वडीलधाऱ्यांच्या निर्णयाकडे पाठ फिरवणे होय.

एकही उमेदवार मनाला पटत नाही. मग?

२०१३ पासून मतदानयंत्रावर ‘वरीलपैकी कोणीही नाही’, म्हणजे नोटा, हा पर्याय आहे. विवेकबुद्धीने तो निवडणाऱ्याला आम्ही दोष देत नाही. लोकसभा व विधानसभेच्या निवडणुकीत मात्र नोटाला सर्वाधिक मते पडली तरी उमेदवारांपैकी सर्वाधिक मते मिळवणाराच निवडून येतो, हे समजून तो निवडावा. उमेदवाराचे शपथपत्र, त्यातील मालमत्ता, शिक्षण व गुन्ह्यांची माहिती आयोगाच्या संकेतस्थळावर सर्वांना पाहता येते. ती चार जणांनी मिळून शांतपणे वाचली, तर ‘सगळे सारखेच’ हे मत बहुधा बदलते.

मतदानाच्या आदल्या रात्री पाकीट येते. पैसे घेऊन आपल्या मनाप्रमाणे मत दिले तर काय बिघडले?

बिघडते. मतासाठी पैसे देणारा आणि घेणारा, दोघेही भारतीय न्याय संहितेच्या कलम १७० खाली लाचखोरीचे गुन्हेगार आहेत आणि शिक्षा एक वर्षापर्यंत कारावासाची आहे. ‘घ्यायचे, पण मत द्यायचे नाही’ ही युक्ती आपल्याकडे हुशारी समजली जाते. ज्याने घेतले त्याला पुढच्या पाच वर्षांत गटाराचे झाकण मागायला तोंड उरत नाही, हे आम्ही आमच्या वस्तीत डोळ्यांनी पाहिले आहे. आणि लाच डोळसाला आंधळे करते, हे निर्गम २३ मध्ये फार पूर्वी लिहून ठेवले आहे. पैसे वाटप दिसल्यास आयोगाच्या सी-व्हिजिल अॅपवर छायाचित्रासह तक्रार करता येते. तक्रारदाराला आपले नाव गुप्त ठेवता येते.

आमच्याकडे घरातले पुरुष सांगतील तसे स्त्रिया मत देतात.

मत गुप्त आहे आणि ते कोणाला दिले हे सांगण्याची सक्ती कोणीही कोणावर करू शकत नाही. नवऱ्याला नाही, मुलाला नाही, पाळकालाही नाही. महिला मंडळाच्या एका बैठकीत आम्ही पुठ्ठ्याच्या खोक्याआड खोटी मतपत्रिका ठेवून सराव घेतला. खोक्याआडून बाहेर आलेल्या एक काकू म्हणाल्या, “आत कुणीच नसतं होय!” इतकी वर्षे मतदान करूनही हे त्यांना नव्याने जाणवले होते. असा सराव प्रत्येक महिला मंडळाने घ्यावा.

मतदान झाले की जबाबदारी संपली का?

आमच्या मते तेथून ती सुरू होते, आणि या बाबतीत आपल्या मंडळ्या सर्वांत कमी पडतात. खेड्यात ग्रामसभा वर्षातून किमान चार वेळा भरते. गावातील प्रत्येक मतदार तिचा सदस्य असतो, आणि त्याआधी स्त्रियांची वेगळी सभा भरते. तेथे विकासकामांचा आराखडा, घरकुलाच्या लाभार्थ्यांची यादी आणि खर्चाचा हिशेब मांडला जातो. किती सभासद तेथे जातात? मुलांच्या शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. शिक्षण हक्क कायद्याने तिच्यात तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असणे आवश्यक केले आहे. त्या समितीवर जाणे ही देखील सेवाच आहे. माहिती अधिकार अधिनियम, २००५ खाली अर्ज केल्यास तीस दिवसांत उत्तर मिळायला हवे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ मुळे अधिसूचित दाखले ठरलेल्या मुदतीत मिळणे हा हक्क झाला आहे.

दफनभूमीचेच पाहा. जागा अपुरी आहे, भिंत पडली आहे, पावसाळ्यात कबरीवर पाणी साचते, अशी तक्रार प्रत्येक दफनविधीच्या वेळी होते आणि चहाबरोबर संपते. आमच्याकडे भिंतीसाठी तीन वर्षे तोंडी विनंत्या झाल्या. मग दोन पंचांनी लेखी अर्ज केला, पोच घेतली, उत्तर आले नाही म्हणून माहिती अधिकारात अर्जाची सद्यःस्थिती विचारली, आणि शेजारच्या वस्तीतील ज्या हिंदू व मुस्लिम कुटुंबांच्या घरांत तेच पाणी शिरत होते त्यांनाही बरोबर घेतले. भिंत झाली, आणि वस्तीतल्या नाल्याचेही काम झाले. फक्त आपल्या भिंतीसाठी आपण गेलो असतो तर कदाचित अजून जातच राहिलो असतो.

वसईने याचा फार मोठा धडा घालून दिला आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसई संरक्षण समितीच्या माध्यमातून तेथील शेती, विहिरी आणि वाड्या बेसुमार बांधकामांपासून वाचवण्यासाठी जे आंदोलन उभे केले, त्यात ख्रिस्ती आणि इतर वसईकर खांद्याला खांदा लावून उभे होते. तेच फादर पुढे धाराशिव येथील ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले.

ख्रिस्ती व्यक्तीने निवडणूक लढवावी का?

अवश्य लढवावी. लोकमान्य टिळकांचे सहकारी आणि होमरूल चळवळीतील अग्रणी जोसेफ ऊर्फ काका बॅप्टिस्टा हे कामगारांचे पुढारी होते आणि १९२५ मध्ये मुंबईचे महापौर झाले. उमेदवार झालेल्या सभासदाने मात्र मंडळीतील पदाचा प्रचारात उपयोग करू नये. तो पंच किंवा विश्वस्त असेल तर त्याने प्रचाराच्या काळात पदापासून दूर राहावे, हे आम्हाला योग्य वाटते. कॅथलिक धर्मगुरूंना सत्तेचा वापर करावा लागणारे सार्वजनिक पद स्वीकारण्यास कॅनन कायद्याची, म्हणजे त्यांच्या चर्चच्या अंतर्गत कायद्याची, मनाई आहे. इतर मंडळ्यांतील पाळकांनी आपापल्या घटनेतील नियम पाहावेत.

आमची मंडळी लहान आहे. हे काम कोण करणार आणि कोठून सुरुवात करावी?

दोन माणसे पुरतात, आणि ती दोन वेगवेगळ्या राजकीय मतांची असली तर फारच उत्तम. मग कोणाला शंका घ्यायला जागा राहत नाही. मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावरून आपल्या गावाची किंवा वॉर्डाची भागनिहाय मतदार यादी छापून घ्यावी, शेजारी मंडळीची सभासद नोंदवही ठेवावी आणि एकेका कुटुंबावर खूण करत जावे. हे काम दोन संध्याकाळींत होते. ज्या नावापुढे खूण नाही त्या घरी जावे. निरोप पाठवून भागत नाही. आधार किंवा इतर कागदांची छायाचित्रे गटावर मागवू नयेत. सभासदाने कागद घेऊन यावे, अर्ज त्याच्या समोर भरावा आणि कागद त्याच्याच हाती परत द्यावा. अर्जाचा संदर्भ क्रमांक एका वहीत लिहून ठेवावा, म्हणजे महिन्याभराने पुढे काय झाले ते पाहता येते. आमच्या वहीच्या पहिल्या पानावर एकोणीस नावे होती, त्यांपैकी चार अर्ज पहिल्या खेपेस नाकारले गेले आणि ते आम्ही पुन्हा भरले. टेबल ओसरीत, दाराच्या उजव्या बाजूला मांडावे, म्हणजे उपासनेहून परतणाऱ्या वृद्धांना पायऱ्या उतरण्याआधी बसायला खुर्ची मिळते.